ऑपरेशनच्या आधी वजन सांगा

माझे थोरले भाऊ शेतकरी आहेत. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा दरवर्षी उन्हाळ कांदा घेऊन नेप्तीच्या कांदा मार्केटात जायचे. गोण्यांचे वजन झाले, की स्वतः काट्यावर उभे राहायचे. मापाड्याला म्हणायचे, "बघ रं, ही गोणी किती भरती." काटा सांगायचा ६२ किलो. एखाद्या वर्षी ६१, एखाद्या वर्षी ६३. मापाडी हसायचा. दादाही हसायचे.

२०२२ साली एप्रिल महिन्यात काट्याने ५८ दाखवले. दादा म्हणाले, "उन्हानं वाळलो." आम्हीही तेच म्हणालो. मग दिवाळी आली. नवा सदरा अंगावर लोंबायला लागला. विहिरीपर्यंत जाऊन येताना दम लागू लागला. शौचातून रक्त पडत होते. ते मात्र त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मूळव्याध असेल, असे मनाशी धरून बसले होते. शेवटी तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. त्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर वजन भरले ५१ किलो.

ऑपरेशनला बारा दिवस अवकाश होता. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येईल तो काही तरी सांगून जाई. त्यात एक जण मोठे जाणकार. ते म्हणाले, "गुरुजी, दादांना खायला घालू नका. खाल्लेलं सगळं गाठीला जातं. गाठ उपाशी मारायची. नुसता मोसंबीचा रस द्या." मी जन्मभर मुलांना शिकवले. पण घरात कॅन्सर आला, तेव्हा माझीही बुद्धी चालली नाही. वहिनींनी भाकरी बंद केली. दूध बंद केले. मोसंबीचा रस आणि साबुदाण्याची पेज, एवढ्यावर दादांना बारा दिवस ठेवले. दादा बिचारे काही बोलले नाहीत.

ऑपरेशनसाठी गेलो, तेव्हा वजन ४८ होते. सर्जन डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी वजन किती होतं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मग दादाच हळू आवाजात म्हणाले, "कांद्याच्या काट्यावर बासष्ट भरायचो." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. मग म्हणाले, "ऑपरेशन आज नाही. दोन आठवड्यांनी करू. तोवर यांना खायला घाला."

आम्ही चिडलो. मनात भीती होती, की दोन आठवड्यांत गाठ वाढली तर? डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसवले आणि समजावून सांगितले. त्यांच्याकडून जे समजले आणि पुढे मी जे वाचले, तेच तुम्हाला सांगतो.

आधी कॅन्सर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. विटांचे घर असते, तसे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम शिस्तीत चालते. कधी कधी काही पेशींची शिस्त बिघडते. त्या बेसुमार वाढत सुटतात. त्यांची गाठ होते. ती आजूबाजूला पसरते, दूरही जाते. हाच कॅन्सर. त्याला कर्करोग असेही म्हणतात. गाठ एका जागी असेल, तर पुष्कळदा ऑपरेशन करून ती काढून टाकता येते. म्हणून ऑपरेशनचे महत्त्व फार.

आता त्या जाणकारांच्या बोलण्याकडे वळू. गाठ उपाशी मारता येते का?

शेतातली हराळी तुम्हाला चांगली माहीत आहे. ज्वारीच्या रानात हराळी माजली आहे, असे समजा. एक शेतकरी म्हणाला, "मी रानाला पाणीच देत नाही. म्हणजे हराळी वाळून जाईल." काय होईल? आधी ज्वारी वाळेल. हराळी सगळ्यांच्या शेवटी. तिच्या मुळ्या खोल. ती कुठून ना कुठून ओल ओढून घेते. कॅन्सरच्या गाठीचे असेच आहे. तुम्ही खा अगर खाऊ नका, ती आपला वाटा शरीरातून काढून घेते. माणूस उपाशी राहिला, की शरीर स्वतःचेच मांस मोडून खर्चाला वापरते. दंड बारीक होतात. मांड्या सुकतात. गाठ मात्र राहते तिथेच.

खरे तर कॅन्सरच्या पुष्कळ रोग्यांचे वजन आपोआपच घटते. गाठीमुळे रक्तात असे काही रस सुटतात, की भूक मरते आणि मांस झिजते. घशात किंवा अन्ननलिकेत गाठ असली, तर घास उतरत नाही. पोटात असली, तर दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते. त्यात काळजी. त्यात वेदना. म्हणजे रोग आधीच माणसाला कमी खायला लावतो. वर आपण त्याच्या पुढचे ताट काढून घ्यायचे, हा कुठला न्याय?

वजन घटले, तर ऑपरेशनला काय बाधते, ते आता पाहू. आतड्यातली गाठ काढताना आतड्याचा तेवढा तुकडा कापून काढतात. मग दोन्ही टोके एकमेकांना जोडतात. दोऱ्याने शिवतात किंवा बारीक पिना मारतात. पण तो दोरा काही आतड्याला कायमचे धरून ठेवत नाही. तो पहिले काही दिवस आधार देतो. खरा सांधा शरीराने स्वतः करायचा असतो. तुम्ही झाडाचे कलम बांधता, तेव्हा वरून पट्टी गुंडाळता. पट्टीने कलम धरते का? नाही. दोन्हीकडच्या काडीत ओल असावी लागते. वाळक्या काडीचे कलम धरत नाही. तसेच इथे आहे. शरीरात प्रथिने असतील, तर जखमेत चिवट तंतू तयार होतात आणि सांधा पक्का होतो. प्रथिने नसतील, तर सांधा कच्चा राहतो. ऑपरेशननंतर पाच-सात दिवसांनी तो उसवू शकतो. आतड्यातली घाण पोटात पसरते. मग जिवावरचा प्रसंग येतो.

एवढेच नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीर अन्नातूनच तयार करते. अशक्त माणसात त्यांचे बळ कमी पडते. जखम चिघळते. आणखी एक गोष्ट आहे. ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोकण्यालाही ताकद लागते! छातीचे आणि पोटाचे स्नायू सुकले, की ऑपरेशननंतर माणसाला जोरात खोकता येत नाही. कफ आतच साठतो. त्याचा न्यूमोनिया होतो.

ही गोष्ट डॉक्टरांना आजच कळली, असे नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड नावाचे शहर आहे. तिथे स्टडली नावाचे एक सर्जन होते. जठरातल्या व्रणाची, म्हणजे अल्सरची, ते ऑपरेशने करायचे. त्या काळी ऑपरेशननंतर बरेच रोगी दगावत. त्यांनी वय पाहिले, हृदय पाहिले, ऑपरेशनला किती वेळ लागला तेही पाहिले. मग त्यांनी साधा वजनाचा हिशेब मांडला. १९३६ साली त्यांनी तो छापला. ऑपरेशनच्या आधी ज्यांचे वजन एक पंचमांशापेक्षा जास्त घटले होते, त्यांच्यातले तीनांत एक दगावले होते. ज्यांचे वजन तितके घटले नव्हते, त्यांच्यात शंभरात तीन-चारच. रोग तोच. सर्जन तेच. फरक वजनाचा.

तो जमाना जुना होता. आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. पण २०२३ साली एक मोठी पाहणी छापून आली. तीत ७५ देशांतले, पोटाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेले, साडेपाच हजारांहून जास्त रोगी होते. त्यांत तीनांत एक रोगी अतिशय कुपोषित निघाला. गरीब देशांत तर दहांत सहा. अशा कुपोषित रोग्यांना ऑपरेशननंतर महिन्याच्या आत मृत्यू येण्याचा धोका सगळीकडेच जास्त होता. आणि गरीब देशांत तो सगळ्यांत जास्त होता. कुपोषण म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येते. साठ वर्षांचा शेतकरीही कुपोषित असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, सोपे आहे. सहा महिन्यांपूर्वीचे वजन घ्या. त्याचा दहावा हिस्सा काढा. ६० किलोचा दहावा हिस्सा ६ किलो. ५० किलोचा ५ किलो. सहा महिन्यांत, मुद्दाम प्रयत्न न करता, वजन दहाव्या हिश्श्याहून जास्त घटले, तर ती धोक्याची खूण. दादांचेच पाहा. एप्रिलमध्ये ५८. त्याचा दहावा हिस्सा सहाच्या जरा आत. दिवाळीला ५१. म्हणजे ७ किलो गेले. हिशेब आमच्या डोळ्यांपुढे होता. तो कोणी केलाच नाही. युरोपातल्या आहाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांचे सांगणे असे, की वजन इतके घटलेल्या रोग्याला आधी सात ते चौदा दिवस नीट पोषण द्यावे, मग मोठे ऑपरेशन करावे. रोग कॅन्सरचा असला तरीही. आमच्या डॉक्टरांनी तेच केले होते. आतडे पूर्ण बंद झाले असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर मात्र वाट पाहता येत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नाही.

वजन घटण्याकडे लक्ष ठेवायला आपल्या जिल्ह्याला कोणी परक्याने शिकवायची गरज नाही. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेडला आले. त्यांनी खेड्याखेड्यांतल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कितीतरी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या घरोघरी जाऊन लहान मुलांची वजने करायच्या. मुलाचे वजन आज किती, एवढे पाहून भागत नाही. मागच्या वेळेपेक्षा वाढले की घटले, हे पाहायचे असते. त्या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मुलांच्या वजनाला जो नियम, तोच मोठ्या माणसांना. पण आपण मोठी माणसे काट्यावर उभे राहतो कधी? कांदा विकायला गेलो, तर. आणि तेही चेष्टेने.

वजन कुठेही करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा असतो. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच काट्यावर, चपला काढून उभे राहावे. आकडा आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी. आता तुम्हाला लिहिता येते. मग लिहायचे.

एक सावधगिरी सांगतो. काटा कधी कधी फसवतो. पोटात पाणी झाले किंवा पाय सुजले, की वजन वाढलेले दिसते. ते पाण्याचे वजन. खाली मांस झिजतच असते. म्हणून काट्याबरोबर दंडही पाहा. बांगड्या ढिल्या झाल्या का? कमरेचा करगोटा सैल झाला का? हे डॉक्टरांना सांगा.

आता खाण्याकडे येऊ. प्रथिने म्हणजे शरीराच्या विटा. ऑपरेशनच्या रोग्याला एक किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा थोडी जास्तच प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला रोज ६० ग्रॅम तरी हवीत. हे मोजायचे कसे? मी एक सोपी रीत काढली. एक अंडे म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. एक पेला दूध म्हणजे ६ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण, ६ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ६ ग्रॅमच्या थोडे वर. बाजरीची एक भाकरी, ६ ग्रॅम. म्हणजे यातला प्रत्येक पदार्थ सहाचे एक नाणे समजा. दिवसभरात अशी दहा नाणी रोग्याच्या पोटात गेली पाहिजेत. मोसंबीच्या रसात यातले नाणे नाही. साबुदाण्याच्या पेजेतही नाही. बारा दिवस आम्ही दादांना काय दिले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

आमच्या घरात माळ आहे. दादा अंड्याला शिवत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना अंड्याची सक्ती केली नाही. दूध, दही, घट्ट वरण, मटकीची उसळ आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू, यांवर हिशेब पुरा केला. भूक नव्हतीच. मग दर दोन तासांनी थोडे थोडे दिले. ताट भरून पुढे ठेवले, की त्यांना पाहूनच नको वाटायचे. वाटीत दिले, की खायचे. वहिनींनी दुधात दाण्याचे कूट आणि गूळ घालून दाट खीर करायला सुरुवात केली. ती मात्र ते मागून घ्यायचे. मधे एकादशी आली. दादा म्हणाले, "उपास सोडायचा नाही." वहिनी म्हणाल्या, "पांडुरंगाला मी सांगते." विषय तिथे मिटला. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारून करावा.

आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर पुष्कळ. तंबाखू, मिश्री, गुटखा. त्या रोग्याचे तोंडच उघडत नाही. त्याने वरण-भाकरी कशी खायची? अशा वेळी डॉक्टर नाकातून एक बारीक नळी पोटात सोडतात. तिच्यातून पातळ अन्न देता येते. नळी पाहिली, की घरचे लोक रडू लागतात. आता सगळे संपले, असे त्यांना वाटते. तसे काही नाही. नळी म्हणजे पाटाला फोडलेली चारी. पाटाचे तोंड बुजले, तर चारीने पाणी न्यायचे. बरे झाल्यावर पुष्कळांची नळी निघते. आणि तंबाखू, विडी, मिश्री त्याच दिवशी सोडावी. तंबाखूमुळे जखमेला रक्त कमी पोहोचते आणि ती लवकर भरत नाही.

इतका वेळ रोडावलेल्या माणसाचे सांगितले. मग जाड माणसाचे बरे का? तेही पाहू.

आमच्याच आळीतल्या एक बाई. उंची पाच फूट, वजन ८४ किलो. पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ४३ किलोच्या खाली गेले, तर डॉक्टर त्याला रोड म्हणतात. ५८ च्या वर गेले, तर आपल्या देशात लठ्ठ धरतात. तर या बाईंची पाळी जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. २०२३ साली पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले. पाळी गेल्यावर असे रक्त जाणे, ही तपासणी करून घ्यायची खूण आहे. एक थेंब का असेना. बाईंनी ती करून घेतली. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. पण लवकर निघाला. चरबीत बायकांच्या शरीरातला इस्ट्रोजन नावाचा रस तयार होतो. तो जादा झाला, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा संभव वाढतो. लठ्ठपणामुळे तेरा प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ साली सांगितले आहे.

बाईंना कोणी तरी म्हणाले, "जाड माणसाचं ऑपरेशन अवघड. आधी वीस किलो उतरव, मग कर." त्या तीन महिने थांबायला निघाल्या होत्या. सकाळी काकडी, रात्री काकडी. डॉक्टरांनी त्यांना दम भरला. कॅन्सरची गाठ वजन उतरायची वाट पाहत नाही. शिवाय घाईने उपाशी राहिले, की चरबीबरोबर मांसही जाते. वरून जाड आणि आतून अशक्त, असा माणूस ऑपरेशनला सगळ्यांत वाईट.

जाड माणसाला त्रास होतो, हे मात्र खरे. पोटावर चरबीचा जाड थर असतो. त्यातून वाट काढत सर्जनला आत जावे लागते. दिसायला अडचण, वेळ जास्त. चरबीला रक्ताचा पुरवठा कमी असतो, म्हणून जखम पिकण्याचा संभव वाढतो. टाके भरल्यावरही पुढे त्या जागी हर्निया होऊ शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांची काळजी वेगळी. जाड माणूस उताणा झोपला, की पोटाचे वजन फुप्फुसांवर येते. श्वासाची नळी घालणे अवघड जाते. रात्री मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते भुलीच्या डॉक्टरांना आधी सांगा. लाजू नका. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तीही जाड माणसांत जास्त. ती सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. म्हणून ऑपरेशननंतर लवकर उठवतात, चालवतात. "टाके ओले आहेत, निजू द्या," असे म्हणून नर्सबाईंशी भांडू नये.

आमच्या आळीतल्या बाईंचे ऑपरेशन नीट झाले. पण आठव्या दिवशी जखमेतून पू आला. महिनाभर पट्टी करावी लागली. मग जखम भरली. आज त्या घरचे दळण स्वतः आणतात. काही मोठ्या पाहण्यांत असेही दिसले आहे, की थोड्या जाड माणसांपेक्षा फार रोड माणसेच ऑपरेशननंतर जास्त दगावतात. जुन्या काळी घरात धान्याचे पेव असायचे. दुष्काळात ते उपयोगी पडे. थोडी चरबी तशी उपयोगी पडत असावी. म्हणून काही कोणी ऑपरेशनसाठी जाड व्हायचे नाही! पण जाड माणसाने ऑपरेशनला भिऊन घरी बसू नये, एवढे यातून समजावे.

वजनाचा आणखी एक उपयोग आहे. भुलीची औषधे वजन पाहून देतात. पुढे कॅन्सरची इंजेक्शने, म्हणजे केमोथेरपी, द्यावी लागली, तर त्यांचा डोस उंची आणि वजन मिळून ठरवतात. अंदाजाने आकडा सांगू नये. "असंल पन्नास-साठ," हे उत्तर चालत नाही.

आता जायचे कुठे? मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल आहे. ते १९४१ साली सुरू झाले. तिथे जाणाऱ्या रोग्यांची आणि नातेवाइकांची उतरायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते. जामखेडकडच्या लोकांना बार्शी जवळ पडते. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर हॉस्पिटल आहे. खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रोग्यांची नोंद ठेवण्याचे काम तिथे १९८७ सालापासून सुरू झाले. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटा.

दादांचे सांगायचे राहिले. दोन आठवड्यांत त्यांचे वजन ४८ चे ५० झाले. दोन किलोच. मला वाटले, एवढ्याने काय होणार? डॉक्टर म्हणाले, "काट्यावर दोन किलो, पण अंगात जीव आला की नाही ते बघा." खरेच, दादा सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या देवळापर्यंत चालू लागले होते. तीन गोळ्यांचे एक यंत्र दिले होते. जोराने श्वास आत ओढून गोळे वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकच गोळा उचलला. शेवटी तिन्ही. छातीची ताकद वाढावी, म्हणून हे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही त्यांना जेवू देईनात. उपाशी पोटीच ऑपरेशन करतात, असे ऐकलेले. डॉक्टरांनी सांगितले, "रात्री हलकं जेवू द्या. पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं, ते भूलवाले सांगतील." प्रत्येक रोग्याचे वेगळे असते. विचारून घ्यावे.

ऑपरेशन झाले. पाचवा दिवस, सहावा दिवस, सातवा दिवस आम्ही मोजून काढले. सांधा धरला. दहाव्या दिवशी दादा घरी आले.

२०२५ साली कांदा घेऊन ते पुन्हा नेप्तीला गेले. मी बरोबर होतो. गोण्या मोजून झाल्यावर ते काट्यावर उभे राहिले. ५९ भरले. मापाडी हसला. दादा हसले नाहीत. खिशातली वही काढून म्हणाले, "गुरुजी, तारीख काय आज?"